रस कोठे असतो? काश्मीरमधील दोन शतकांचा वाद

इसवी सनाच्या नवव्या शतकाच्या आरंभापासून अकराव्या शतकाच्या पहिल्या पादापर्यंत, म्हणजे सुमारे दोनशे वर्षे, काश्मीरच्या खोऱ्यातील पंडितांनी एका प्रश्नाचा पिच्छा सोडला नाही. रंगभूमीवर प्रीती, भय किंवा शोक दाखवला जात असताना जो आस्वाद निर्माण होतो, त्याचे अधिष्ठान कोणते. तो मूळ कथापुरुषात असतो, त्याची भूमिका करणाऱ्या नटात असतो, की समोर बसलेल्या प्रेक्षकात? वरवर पाहता हा नाट्यशास्त्रातील एक तांत्रिक मुद्दा वाटतो. परंतु कलेतील सौंदर्य म्हणजे काय, कलेचा अनुभव व्यवहारातील अनुभवाहून कशामुळे निराळा ठरतो, आणि ज्या दुःखापासून माणूस आयुष्यभर दूर पळतो तेच दुःख पाहण्यासाठी तो आपण होऊन रंगमंडपात का येतो, हे सारे प्रश्न त्याच्या उत्तरावर अवलंबून आहेत.

या चर्चेचे बीज भरताच्या नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात आहे. तेथील एका अतिसंक्षिप्त सूत्रानुसार विभाव, अनुभाव आणि व्यभिचारी भाव यांच्या संयोगातून रसाची निष्पत्ती होते. विभाव म्हणजे भावना जागी करणारी कारणे, उदाहरणार्थ प्रिय व्यक्ती, वसंत ऋतू किंवा निर्जन अरण्य. अनुभाव म्हणजे ती भावना देहावर आणि वाणीत ज्या रूपाने उमटते ते कटाक्ष, अश्रू, कंप यांसारखे परिणाम. आणि व्यभिचारी भाव म्हणजे चिंता, लज्जा, गर्व, स्मृती अशा येऊन जाणाऱ्या तेहेतीस वृत्ती. याउलट रती, हास, शोक, क्रोध, उत्साह, भय, जुगुप्सा आणि विस्मय हे आठ भाव माणसाच्या ठिकाणी कायमचे वसतात, म्हणून त्यांना स्थायी भाव म्हणतात, आणि शृंगारापासून अद्भुतापर्यंतचे आठ रस त्यांच्याशी जोडलेले आहेत. भरताने दिलेला दाखला स्वयंपाकघरातला आहे: गूळ, मसाले आणि वनस्पती एकत्र आल्यावर त्यांपैकी एकातही सुटी न सापडणारी चव तयार होते व जेवणारा ती चाखतो, तसेच नाट्यात घडते. मात्र सूत्रात स्थायी भावाचा उल्लेखच नाही. संयोग कोणाचा कोणाशी, आणि निष्पत्ती म्हणजे उत्पत्ती, अनुमान की प्रकटीकरण, हेही त्यात सांगितलेले नाही. भरताला प्रयोग उभा करायचा होता आणि त्यासाठी एवढे सांगणे पुरेसे होते. तत्त्वज्ञांना ते पुरण्यासारखे नव्हते.

आठव्या शतकाच्या अखेरीस राजा जयापीडाच्या दरबारात उद्भट हा सभापती होता आणि त्याला रोज एक लक्ष दीनार वेतन मिळे, असे बाराव्या शतकातील इतिहासकार कल्हण राजतरंगिणीत सांगतो. याच राजाच्या मंत्र्यांमध्ये त्याने वामनाचेही नाव दिले आहे. आकडा अतिशयोक्त असो वा नसो, साहित्यशास्त्र हा तेथे राजाश्रयाचा आणि प्रतिष्ठेचा विषय होता एवढे त्यावरून दिसते. या पिढीची दृष्टी मुख्यतः शब्दरचनेवर खिळलेली होती. वामनाने अलंकार म्हणजेच सौंदर्य असे समीकरण मांडले आणि रीतीला, म्हणजे गुणयुक्त पदरचनेला, काव्याचा आत्मा ठरवले; उद्भटाने शांत हा नववा रस मान्य केला, तरी काव्यातील रसाला त्याने अलंकारांच्याच ओळीत बसवले. सौंदर्य ही रचनेत सापडणारी, मोजता आणि वर्गीकरण करता येणारी वस्तू आहे, हे या मांडणीतले गृहीत होते. नाटकाकडे वळल्यावर ते टिकेना, कारण संहितेचे सर्व अलंकार जसेच्या तसे ठेवूनही प्रयोग निर्जीव होऊ शकतो.

भरताच्या सूत्राचा तात्त्विक अर्थ लावणाऱ्यांत पहिले महत्त्वाचे नाव भट्ट लोल्लटाचे आहे. त्याच्या मते विभावादी सामग्रीने पुष्ट झालेला स्थायी भाव म्हणजेच रस. तो मुख्यतः रामासारख्या मूळ पात्रात असतो आणि नट स्वतःच्या ठिकाणी त्या पात्राचे अनुसंधान करतो म्हणून गौणपणे नटातही असतो. हे मत सामान्य माणसाच्या समजुतीला जवळचे आहे: रामाला शोक झाला, नटाने तो धारण केला, आपण तो पाहिला. परंतु या चित्रात प्रेक्षकाला जागाच नाही. ज्याच्यासाठी नाटक आहे तो रसाच्या व्याख्येबाहेर राहतो, आणि राम हयात नसताना त्याचा रस आज कसा निर्माण होतो हेही सुटत नाही.

लोल्लटाचे खंडन करणाऱ्या श्रीशंकुकाने या चर्चेला पहिल्यांदा खऱ्या अर्थाने तत्त्वज्ञानाची धार दिली. नवव्या शतकाच्या पूर्वार्धात शंकुक नावाच्या कवीने मम्म आणि उत्पल या काश्मीरमधील सत्तास्पर्धकांच्या घनघोर लढाईवर भुवनाभ्युदय हे काव्य रचले, अशी नोंद कल्हणाने केली आहे, आणि नाट्यशास्त्राचा भाष्यकार तोच असावा असे बहुतेक अभ्यासक मानतात. त्याचा एक आक्षेप मर्मावर बोट ठेवणारा आहे: भाव पुष्ट होत जाऊन रस बनतो असे मानले तर शोकाचे काय करायचे, कारण जगात शोक आरंभी तीव्र असतो आणि काळाबरोबर ओसरत जातो. म्हणून शंकुकाने पुष्टीची कल्पना टाकून अनुकरणाची स्वीकारली. शिक्षण आणि सराव यांच्या बळावर नट विभावादी सामग्री उभी करतो, ती कृत्रिम असूनही कृत्रिम वाटत नाही, आणि धुरावरून अग्नी ओळखावा तसा तिच्यावरून प्रेक्षक नटाच्या ठिकाणी स्थायी भावाचे अनुमान करतो. हा अनुमित, अनुकृत भाव म्हणजे रस. भाव अनुकृत आहे म्हणूनच त्याला स्थायी न म्हणता रस हे वेगळे नाव मिळते.

शंकुकाचा खरा ठेवा मात्र या व्याख्येत नसून तिच्या आधारासाठी त्याने केलेल्या एका निरीक्षणात आहे. रंगभूमीवरील नटाला पाहून प्रेक्षकाला होणारे ज्ञान कोणत्या जातीचे असते? हा रामच आहे असे ते निश्चित ज्ञान नाही. आधी राम वाटला आणि मग नसल्याचे कळले असा तो भ्रम नाही. हा राम असेल की नसेल असा संशयही नाही. आणि हा रामासारखा आहे अशी केवळ सादृश्याची जाणीवही नाही. चित्रात रंगवलेला घोडा पाहून आपण हा घोडा असे म्हणतो, तेव्हा त्या प्रतीतीला खरे-खोटे हे शिक्के लागू पडत नाहीत, तशीच ही प्रतीती असते. चित्रतुरगन्याय या नावाने ओळखला जाणारा हा विचार कलेच्या वास्तवाला स्वतंत्र दर्जा देतो. मिथ्या वाटणाऱ्या ज्ञानातूनही खरे फळ कसे मिळते हे दाखवण्यासाठी शंकुक बौद्ध तत्त्वज्ञ धर्मकीर्तीचा आधार घेतो: रत्नाची प्रभा पाहून तिलाच रत्न समजून धावणारा आणि दिव्याची प्रभा पाहून तिला रत्न समजणारा, दोघेही चुकलेले असतात, पण पहिल्याच्या हाती रत्न लागते. शैवांच्या काश्मीरमध्ये भरताच्या भाष्यात बौद्ध तर्कशास्त्राचा असा उपयोग व्हावा, यातून त्या विद्वत्परंपरेचे मोकळेपण दिसते.

अनुकरणवादावर पुढे भट्ट तौताने, म्हणजे हा वाद शेवटी ज्याच्याकडे येतो त्या अभिनवगुप्ताच्या गुरूने, जोरदार हल्ला चढवला. एखादी गोष्ट अनुकरण आहे असे म्हणण्यासाठी मूळ गोष्ट माहीत असावी लागते, आणि रामाचा शोक कोणी पाहिलेला नाही. शिवाय नटाचा मुकुट, त्याचे अश्रू, त्याचा कंप या साऱ्या जड आणि डोळ्यांना दिसणाऱ्या गोष्टी आहेत, मग त्या एका अदृश्य चित्तवृत्तीचे अनुकरण कशा होतील? हे अनुकरण नक्की कोणाच्या दृष्टीने, प्रेक्षकाच्या, नटाच्या की समीक्षकाच्या, असे विचारत तौताने एकेक पर्याय बाद केला. हा तर्क जवळजवळ अभेद्य आहे. तरीही चित्रतुरगाचे निरीक्षण त्याने कोसळत नाही, आणि पुढच्या सर्व विचारवंतांना ते या ना त्या रूपात स्वीकारावे लागले.

दरम्यान साहित्यविचाराच्या दुसऱ्या प्रवाहात मोठी घटना घडली होती. इ.स. ८५५ ते ८८३ या काळात अवंतिवर्मा काश्मीरच्या गादीवर होता. त्याच्या कारकिर्दीत सुय्य नावाच्या कल्पक माणसाने वितस्ता नदीचे पात्र मोकळे करून बांध घातले, पुराखालची जमीन लागवडीला आली आणि भाताचा भाव एका खारीला (धान्याच्या एका मापाला) २०० दीनारांवरून ३६ वर उतरला, असे कल्हण सांगतो. याच राजाच्या काळात प्रसिद्धीस आलेल्या कवींत आनंदवर्धनाचे नाव येते. ध्वन्यालोक या ग्रंथात त्याने दाखवून दिले की शब्दाच्या वाच्य आणि लाक्षणिक अर्थांपलीकडे एक सूचित अर्थ असतो, तो व्यंजना या स्वतंत्र शक्तीने कळतो, आणि श्रेष्ठ काव्याचे जीवित याच ध्वनीत असते. त्याने दिलेल्या उदाहरणांपैकी सर्वांत गाजलेले महाराष्ट्री प्राकृतातील आहे. गाथासप्तशतीतील ती नायिका गोदावरीकाठी फुले तोडायला येणाऱ्या धार्मिकाला सांगते की त्याला त्रास देणारे कुत्रे काठावरच्या झुडपांत राहणाऱ्या सिंहाने मारले आहे, तेव्हा आता त्याने निर्धास्त फिरावे. वाच्यार्थाने हे आमंत्रण आहे, पण आपले संकेतस्थळ राखू पाहणाऱ्या स्त्रीच्या तोंडी ते असल्याने त्याचा अर्थ येऊ नकोस असाच होतो. गोदाकाठच्या गाथेवर वितस्तेकाठचे पंडित कित्येक पिढ्या भांडत राहिले.

रसाच्या दृष्टीने आनंदवर्धनाचा निष्कर्ष निर्णायक होता. शोक किंवा शृंगार हा शब्द उच्चारल्याने रस निर्माण होत नाही. तो सांगता येत नाही, केवळ सूचित होतो. त्यामुळे नाटकापुरता असलेला रसविचार संपूर्ण काव्याला लागू झाला, आणि अलंकार, गुण, रीती यांची किंमत त्यांनी रसाला केलेल्या साहाय्यावरून ठरू लागली. तथापि सूचित झालेला रस कोणाचा, हे आनंदवर्धनाने फारसे उलगडले नाही.

ते काम भट्ट नायकाने केले. आनंदवर्धनानंतर आणि अभिनवगुप्तापूर्वी होऊन गेलेल्या या पंडिताचा हृदयदर्पण हा ग्रंथ आज उपलब्ध नाही, आणि भारतीय सौंदर्यविचाराच्या इतिहासात याहून मोठी हानी क्वचितच झाली असेल. विरोधकांनी दिलेल्या सारांशांतून जेवढे कळते तेवढ्यावरूनही त्याने प्रश्नाची बाजूच पालटली हे स्पष्ट दिसते. प्रेक्षक रस दुसऱ्याचा म्हणून जाणतो असे मानले तर तो तटस्थ राहील. स्वतःचा म्हणून जाणतो असे मानले तर करुण नाटक पाहताना त्याला खरेच दुःख होईल आणि तो पुन्हा रंगमंडपाची पायरी चढणार नाही. सीता ही प्रेक्षकाची प्रिया नव्हे, आणि समुद्रावर सेतू बांधणाऱ्याचा उत्साह सामान्य माणसाच्या अनुभवातला नाही, मग प्रेक्षकाने तो आपला कसा मानावा? म्हणून रस प्रतीत होत नाही, उत्पन्न होत नाही आणि आधीच असलेल्या वस्तूसारखा प्रकटही होत नाही, असे तिन्ही पर्याय त्याने नाकारले.

त्याच्या मते काव्यात अर्थ सांगणाऱ्या अभिधेखेरीज आणखी दोन व्यापार असतात. पहिला भावकत्व: काव्यात दोषांचा अभाव आणि गुणालंकारांची समृद्धी, तर नाट्यात आंगिक, वाचिक, सात्त्विक व आहार्य हा चतुर्विध अभिनय, यांच्या बळावर तो प्रेक्षकाच्या मनावरचे आत्मकेंद्री मोहाचे दाट आवरण दूर करतो आणि विभावादींना साधारण, म्हणजे कोणा एकाचे न उरलेले, असे करतो. सीता मग जनककन्या ही विशिष्ट व्यक्ती उरत नाही, प्रेमविषय होणारी स्त्री एवढेच तिचे रूप उरते. शोक रामाचा नसतो, नटाचा नसतो आणि प्रेक्षकाचाही नसतो. दुसरा व्यापार भोगकृत्त्व: या साधारण झालेल्या भावाचा चित्ताच्या द्रुती, विस्तार आणि विकास या अवस्थांतून भोग होतो. हा भोग सत्त्वगुणाच्या प्राबल्यामुळे प्रकाशमय व आनंदमय असून स्वतःच्याच संविदेत, म्हणजे जाणिवेत, विसावणारा आणि ब्रह्मास्वादाच्या जवळ जाणारा असतो. भावकत्वाच्या मुळाशी असलेली भावना ही मीमांसकांची संज्ञा आहे; वेदवाक्य ऐकणाऱ्याला कर्माकडे प्रवृत्त करते, तेव्हा त्या प्रेरणाव्यापाराला ते भावना म्हणतात. यज्ञकर्माच्या शास्त्रातून ही संज्ञा उचलून तिने कलेचा व्यापार समजावणे हे असामान्य धाडस होते. साधारणीकरणाच्या या कल्पनेने करुणाचे कोडे सुटते: दुःख माझे किंवा तुझे असते तोवर टोचते, मालकी गळून पडली की तेच आस्वाद्य होते.

अभिनवगुप्ताचा काळ त्याच्याच ग्रंथांतील नोंदींमुळे नेमका ठरवता येतो. त्याच्या कालोल्लेख असलेल्या रचना साधारण इ.स. ९९० ते १०१५ या दरम्यानच्या आहेत. राजा ललितादित्याने कनौजच्या प्रदेशातून काश्मीरमध्ये आणलेल्या अत्रिगुप्ताच्या वंशात तो जन्मला. तो शैव तंत्रागमाचा आणि प्रत्यभिज्ञा दर्शनाचा सर्वश्रेष्ठ आचार्य होता. ध्वन्यालोकावरील लोचन आणि नाट्यशास्त्रावरील अभिनवभारती या त्याच्या दोन टीकांत आधीच्या दोन शतकांचा सारा वाद एकवटला आहे. लोल्लट, शंकुक आणि नायक यांची मते मांडून झाल्यावर तो म्हणतो की पूर्वसूरींनी रचलेल्या विचारांच्या पायऱ्यांवरूनच बुद्धी वर चढते, आणि आपण त्यांची मते खोडून न काढता शुद्ध करत आहोत. हे सौजन्य खरे आहे, तरी त्यात नायकाचे ऋण पुरेसे व्यक्त झालेले नाही. साधारणीकरणाची मध्यवर्ती कल्पना अभिनवाने जशीच्या तशी घेतली. भावकत्व आणि भोगकृत्त्व हे वेगळे व्यापार मानण्याची गरज नाही, ते काम व्यंजनाच करते, एवढीच त्याची मुख्य दुरुस्ती आहे.

तथापि त्या दुरुस्तीबरोबर त्याने जी भर घातली ती थोडी नाही. प्रत्येक माणूस रती, शोक, भय यांच्या वासना, म्हणजे सुप्त संस्कार, घेऊनच जन्माला येतो. साधारण झालेली सामग्री समोर येताच त्या जाग्या होतात, आणि म्हणून प्रेक्षकाला परका भाव उसना घ्यावा लागत नाही. शाकुंतलाच्या पहिल्या अंकातील पळणाऱ्या हरिणाचे उदाहरण त्याने तपशिलाने उलगडले आहे. मान वळवून मागे पाहणारे ते जनावर कोणते विशिष्ट हरिण नसते, त्याला घाबरवणाराही व्यवहारातला नसतो, त्यामुळे मी भ्यालो, तो भ्याला, हा शत्रू, हा मित्र असल्या जाणिवांतून सुटलेले, देश आणि काळ यांनी न बांधलेले निव्वळ भय हृदयात शिरते आणि तोच भयानक रस होतो. अशा प्रतीतीच्या आड येणारी सात विघ्नेही त्याने सांगितली: घटना संभवनीयच न वाटणे, भाव आपला किंवा परक्याचा म्हणून ठरावीक स्थळकाळात अडकून पडणे, प्रेक्षक स्वतःच्या सुखदुःखात बुडालेला असणे इत्यादी. नाटकापूर्वीचा पूर्वरंग, संगीत, प्रख्यात नायकाची निवड, नेपथ्य आणि नाट्यधर्मी संकेत यांची योजना ही विघ्ने दूर करण्यासाठी असते, असे त्याचे विवेचन आहे. भरताने केवळ रूढी म्हणून नोंदवलेल्या कित्येक गोष्टींना येथे प्रथमच तात्त्विक कारण मिळाले. सर्व प्रेक्षकांची प्रतीती एकजीव झाली की रस अधिक पुष्ट होतो, हे त्याचे निरीक्षणही रंगमंडपात प्रत्यक्ष बसलेल्या माणसाचे आहे.

रस ही आस्वादाआधी असणारी आणि आस्वादानंतर उरणारी वस्तू नव्हे. आस्वाद चालू असतो तोवरच तो असतो. अशा रीतीने लोल्लटाने रामात ठेवलेला रस अभिनवाकडे येईपर्यंत कोणत्याही व्यक्तीत ठेवण्याजोगा राहिला नाही. या सिद्धान्ताची एक मर्यादा मात्र नजरेआड करता येत नाही. नाट्यवेद सर्व वर्णांसाठी निर्माण झाला असे नाट्यशास्त्र सांगते; अभिनवाचा सहृदय मात्र काव्याच्या सतत अभ्यासाने ज्याचे मन आरशासारखे स्वच्छ झाले आहे असा जाणकार आहे. वासना सर्वांना जन्मजात असतात असे म्हणणाऱ्या विचारवंताने आस्वादाचा अधिकार इतका आक्रसून का ठेवावा, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर त्याच्या ग्रंथांत मिळत नाही.

वाद त्यानंतरही चालू राहिला. महिमभट्टाने व्यक्तिविवेकात ध्वनी म्हणजे अनुमानच असा पक्ष मांडला आणि आपण दर्पण, म्हणजे हृदयदर्पण, न पाहताच हे लिहीत आहोत असे नमूद केले. नायकाचा ग्रंथ तेव्हाच दुर्मीळ झाला होता की काय, अशी शंका त्यावरून येते. मम्मटाने काव्यप्रकाशात लोल्लट, शंकुक, नायक आणि अभिनव यांची चारही मते काही ओळींत बसवली, आणि पुढची कित्येक शतके भारतभरच्या विद्यार्थ्यांनी हा इतिहास त्या संक्षेपातूनच वाचला. तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने, ज्याचे घराणे काश्मीरमधूनच दक्षिणेत आले होते, संगीतरत्नाकरात भरताच्या भाष्यकारांची यादी देताना लोल्लट, उद्भट, शंकुक आणि अभिनवगुप्त यांची नावे घेतली. नंतर अभिनवभारती प्रचारातून जवळजवळ नाहीशी झाली.

तिच्या पुनर्प्राप्तीत पश्चिम भारताचा वाटा मोठा आहे. मुंबई सरकारच्या वतीने गेऑर्ग ब्यूलर यांनी १८७५ मध्ये काश्मीरचा दौरा करून जमवलेली हस्तलिखिते पुण्याला आली. १८९१ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्याने काव्यमाला मालेत पहिल्या तीन उद्योतांवरील, म्हणजे अध्यायांवरील, लोचनासह ध्वन्यालोक छापला. आणि १९२६ मध्ये बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत मानवल्ली रामकृष्ण कवी यांनी अभिनवभारतीचा पहिला खंड प्रसिद्ध केला. केरळातून मिळालेल्या हस्तलिखितांचा पाठ अत्यंत भ्रष्ट होता. बाराव्या शतकातील जैन आचार्य हेमचंद्राने काव्यानुशासनात अभिनवाचे लांबलचक उतारे उचलून ठेवले नसते, तर रससूत्रावरील भाष्याची कित्येक वाक्ये लावणे अशक्य झाले असते. रा. पं. कंगले यांनी १९७३ मध्ये रस-भावविचार या ग्रंथात नाट्यशास्त्राचे सहावा व सातवा हे अध्याय अभिनवभारतीसह मराठीत आणले, आणि लोल्लटापासूनचा हा संपूर्ण वाद मराठी वाचकाला सविस्तर उपलब्ध झाला. सातव्या अध्यायावरील, म्हणजे स्थायी आणि व्यभिचारी भावांवरील, अभिनवाचे भाष्य मात्र बहुतांश हरवलेलेच आहे. आणि हृदयदर्पणाचे एकही हस्तलिखित हाती आलेले नसल्याने नायकाची बाजू आजही त्याच्या प्रतिपक्षाच्या शब्दांतूनच वाचावी लागते.